आभार संपले की सांग

त्यानं माझ्या लाइफ जॅकेटचा पट्टा एकदा ओढून पाहिला. दुसऱ्यांदा ओढला. तिसऱ्यांदा हात पुढे आला तेव्हा मी विचारलं, "भिलाई का?"

तो दचकलाच. "तुमाले कसं समजलं?"

"तीन-तीन वेळा बेल्ट तपासणारा माणूस स्टील प्लांटमधलाच असते. माहे बाबा घरी गॅसची नळी अशीच तपासतात."

तो हसला... आणि खरं सांगते, अंदमानचा तो हिरवा-निळा समुद्र बघायला मी एवढ्या लांब आले होते, पण पुढची दोन मिनिटं मी समुद्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

नाव सुगत. प्लांटमध्ये क्रेन चालवतो. सोबत आलेले त्याचे तीन मित्र नावेच्या मागच्या टोकाला आळीपाळीनं उलट्या करत होते, म्हणून तो आमच्याजवळ, आई-बाबा आणि मी बसलो होतो तिथं, येऊन बसला. बाबांना त्यानं "जय भीम, काकाजी" केलं. बाबांना ऐकू गेलं नाही, पण जोडलेले हात दिसले, आणि त्यांनीही हात जोडले. एकाच शहरात राहून आम्ही कधी भेटलो नव्हतो, आणि भेटलो कुठे, तर कासवं दाखवणाऱ्या नावेत!

माझे बाबा, शेषराव मेश्राम, छत्तीस वर्षं रिगर. म्हणजे खाली उभं राहून वर बसलेल्या क्रेनवाल्याला हातानं खुणा करायच्या – उचल, उतरव, हळू, थांब. प्लांटच्या त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. टीव्हीवर ते समुद्राखालचेच कार्यक्रम बघतात, कारण तिथं कुणी बोलत नाही. निवृत्तीला एक महिना उरला होता आणि ही शेवटची एलटीसी, म्हणजे कंपनीच्या खर्चानं सहल. आई म्हणाली बुद्धगया, बाबा म्हणाले कासव. निघायच्या आधी महिनाभर बादलीत तोंड बुडवून श्वास रोखायचा सराव झाला. आई "बुढ्यापणी काय हे!" म्हणायची आणि शेजारी बसून आकडे मोजायची.

आणि आता गाइड म्हणत होता, "अंकल को सुनाई नहीं देता? फिर पानी में नहीं जा सकते. मैं सीटी बजाऊँ और ये सुनें ही नहीं, तो?"

त्याचं चूक नव्हतं. तरी मी भांडले, आईनं विनवलं. बाबांनी आमचे चेहरे वाचले. कानातलं मशीन त्यांनी आधीच काढून आईच्या पर्समध्ये ठेवलं होतं. "जाऊ दे बेटा, मी वरूनच पाहतो," ते म्हणाले. मग हातातला मास्क शर्टानं नीट पुसून त्यांनी गाइडला परत दिला. ते पुसणं बघवेना. मी तोंड फिरवलं.

सुगत उठला. "भैया, इनको सुनने की ज़रूरत ही नहीं है. मैं साथ उतरूँगा, सीटी सुनते ही इनको इशारा कर दूँगा. देखो."

त्यानं बाबांसमोर बोट वर करून गोल फिरवलं. बाबांचा हात आपोआप उठला. उतरव. हळू. डावीकडे. थांब. दोघं मिनिटभर हातांनीच बोलत राहिले आणि अख्खी नाव बघत राहिली. गाइडनं डोकं खाजवलं, मग मास्क बाबांच्या हातात ठेवला.

"क्रेनवाला एकाच्याच इशाऱ्यावर चालते," सुगत मला म्हणाला. "आज काकाजीच्या."

"आणि उद्या?" माझ्या तोंडून निसटलंच.

"उद्याचं... उद्या पाहू न."

आम्ही तिघं पाण्यात उतरलो. खाली गवत डुलत होतं आणि एक कासव ते चरत होतं, भिलाईतल्या आमच्या सेक्टरमधल्या गाईइतकं निवांत. बाबांनी तळवा आडवा धरला. थांब! सुगत जागच्या जागी थांबला, मीही. कासव सावकाश वर आलं, त्यानं बाबांपासून हातभरावर श्वास घेतला, त्यांच्याकडे एकवार पाहिलं आणि परत खाली गेलं. नावेवर चढलो तेव्हा बाबांच्या मास्कमध्ये पाणी साचलेलं होतं. ते समुद्राचं नव्हतं.

जेटीवर मी सुगतला पाचव्यांदा थँक्यू म्हटलं, तेव्हा तो चिडला.

"बस न आता! पाण्यात मी काकाजीसाठीच उतरलो. पण तुमच्याजवळ येऊन बसलो होतो... तो तुह्यासाठी."

'तुमाले'चं 'तुह्यासाठी' कधी झालं, कळलंच नाही. मनातून गोड वाटलं आणि भीतीही वाटली.

"सुगत, मलेही तू आवडला. पण मी अजून रडून राहिली, पाह्य. हे नुसते आभार असले तर? उपकारापोटी हो म्हटलं तर तुह्यावरच अन्याय होईल."

"मंग घाई कायची? आभार मानत राह्य. संपले की सांग, मांगं काय उरलं ते."

भिलाईला आल्यावर रोज त्याचा एकच मेसेज यायचा – 'संपले?' आणि माझा – 'नाई.'

एका रविवारी त्यानं मला सुपेल्याच्या बाजारात बोलावलं आणि स्वतः दीड तास उशिरा येण्याचा पराक्रम केला. ड्यूटी लांबली होती म्हणे. मी चौकात उभी राहून त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या! आभाराचा लवलेशही नव्हता माझ्यात. तरी प्रत्येक हेल्मेटमध्ये मी त्याचाच चेहरा शोधत होते, आणि घरी जायला पाय निघत नव्हता. तो आला, धापा टाकत. मी भांडले, पाणीपुरी खाल्ली, आणि काहीच न सांगता घरी गेले.

महिनाअखेरीस बाबा निवृत्त झाले. गेटबाहेर हार, गुलाल, ढोल. सुगत गर्दीत उभा होता. मी सरळ त्याच्यापाशी गेले.

"आभार काही संपत नाईत," मी म्हटलं. "जन्मभर पुरतील. पण त्या दिवशी सुपेल्यात मले तुहा इतका राग आला होता... तरी मले तूच पायजे होता. म्हणून, हो!"

"काय? ढोलात ऐकू नाई आलं!"

"हो म्हणून राहिली मी!" मी ओरडले, आणि नेमका तेव्हाच ढोल थांबला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. आईनं पदर तोंडाला लावला. ऐकू आलं नाही ते फक्त बाबांना. हारांच्या ढिगातून मान काढून त्यांनी सुगतला विचारलं, "काय म्हणते रे पोरगी?"

सुगत कानापर्यंत लाल. "हो म्हणते, काकाजी!"

"आँ? कोणाले?"

आणि माझ्या सुगतनं, अख्ख्या शिफ्टसमोर, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडून सांगितलं –

"मले!"