पलीकडच्या ओळीतली ताई

त्या शहरात लोक वाइनसाठी येतात. ताईला आणि मला डोंगराचं वेड, म्हणून आमचा बेत जरा वेगळा होता. सकाळी डोंगर चढायचा, उतरताना द्राक्षमळ्यांतून यायचं, पायथ्याच्या वाइनरीत घटकाभर टेकायचं आणि तिथूनच शहराची बस पकडायची. चढण मजेत झाली. माथ्यावर बसून डबा खाल्ला. ताईने नेहमीप्रमाणे माझ्या बुटांची टर उडवली, "हे लग्नात मिरवायचे बूट आहेत गं, छोटी."

उतरायला लागलो तेव्हा चांगलं ऊन होतं. मळ्याच्या वरच्या दगडी बांधाशी पोचलो आणि धुकं असं आलं, जणू कुणी वरून ओतलं. माझ्या ओळीत चिखल होता. "मी पलीकडून येते," म्हणत ताई बाजूच्या ओळीत शिरली. आमच्या मध्ये फक्त वेली आणि त्यांच्या तारा.

पिकून गळलेल्या द्राक्षांचा आंबूस वास. पानांवरून ठिबकणारं पाणी. पलीकडे तिची पावलं. मग तीही ऐकू येईनात.

"ताई, आहेस ना?"

"आहे."

"हात दे."

पानांमधून हात आला. मी घट्ट धरला. गार पडला होता, पण माझा तरी कुठे ऊबदार होता? धुकं विरेपर्यंत तशाच उभ्या राहू, म्हटलं.

तेवढ्यात खूप वरून, बांधाच्या बाजूने, ताईची हाक आली.

"छोटी...! पाय मुरगळलाय गं... मला उठता येत नाहीये... छोटी!"

माझ्या हातातला हात आवळला गेला.

"जाऊ नकोस," पानांमागून ताई म्हणाली. अगदी हळू. "ती... मी नाही."

मला रडू फुटलं. दोन्ही आवाज तिचेच. पानं सारून तोंड बघावं, तर धीर होईना. वरची ताई आता हुंदके देत होती. माझी ताई कधी रडायची नाही. बाबा गेले तेव्हासुद्धा मला कुशीत घेऊन कोरड्या डोळ्यांनी बसली होती. ते रडणं मला ऐकवेना. मी हात हिसडला. सुटेना. नखं रुतवली, जीव खाऊन ओढला, आणि सुटल्याबरोबर वर पळाले.

ताई बांधाला टेकून बसली होती. घोटा टम्म सुजलेला. मी तिच्या गळ्यातच पडले. मग तिला खांदा देत, घसरत, धडपडत वाइनरीपर्यंत आणली. तिथलं सगळं बघणाऱ्या बाईंनी खुर्ची दिली, पायाला बर्फ लावला. सुटलो एकदाच्या, असं मला वाटलं.

बर्फ लावता लावता बाई थबकल्या. "तुमच्यातलं कुणी मागे राहिलंय का हो?" त्या म्हणाल्या. "वर कोणीतरी हाका मारतंय."

मलाही ऐकू आलं. "छोटी..."

मी दाराकडे धावणार, तोच मनगटावर गार पकड बसली. ताई खुर्चीतूनच माझ्याकडे बघत होती. तिच्या हातावर नखांचे ताजे ओरखडे होते.

"सांगितलं होतं ना तुला," ती हळूच म्हणाली. "ती मी नाही."

मी तिला झिडकारलं आणि बाईंना घेऊन वर गेले. ओळ न् ओळ पालथी घातली. घसा बसेपर्यंत ओरडले. हाक दरवेळी पुढच्या ओळीतून यायची, आणि आधीपेक्षा क्षीण... मग यायची थांबली. धुकं हटलं तेव्हा मळा रिकामा होता. मी चिखलात बसून बाईंचे पाय धरले, अजून थोडं शोधू या म्हणून. त्यांनी मला उठवलं, खाली आणलं. त्या तरी काय करणार? आणि पोलिसांत जाऊन मी काय सांगणार होते? ताई हरवलीय म्हणून? ताई तर माझ्या शेजारी शहाण्यासारखी बसली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. मी कुणाला फोन केला नव्हता, कुणाशी एक अक्षर बोलले नव्हते.

आईने दार उघडलं. ताईच्या हातातली बॅग घेतली, तिला अदबीने "या, बसा" म्हणाली. मग माझ्या खांद्यावरून मागे जिन्याकडे बघत तिने विचारलं,

"ताई कुठे राहिली गं?"