लाल ठिपका नसलेलं गाव

"आजही नाही," मोबाईलवरच्या नकाशावर बोट फिरवत हरगुण म्हणाला. "सगळ्या जिल्ह्याला गोवर आल्यासारखे भाताचे खुंट जाळणाऱ्या आगींचे लाल ठिपके, आणि आपल्या गावावर एकही नाही."

"मग हा धूर येतो कुठून?" जपलीनने विचारलं.

धुरामुळे शाळेला चौथ्या दिवशीही सुट्टी होती, पण गल्लीत चिटपाखरू नव्हतं. भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. पलंगावर तिचा सहा वर्षांचा भाऊ अगम झोपला होता आणि त्याच्या छातीत बारीक शिट्टी वाजत होती. दम्याचा आणखी एक मोठा झटका या पोराला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"भट्टीतून येतो," हरगुण हळूच म्हणाला. "बेबे आजी सांगते, मेलेला मुकादम अजून वीटभट्टी पेटवतो."

"इतकी वर्षं पेटवतोय, मग विटा कुठायत?" जपलीन म्हणाली खरी, पण तिच्या अंगावर काटा आला. बंद भट्टीच्या मागून धूर उठताना तिनेही पाहिला होता.

अगमला औषधाचा पंप कधी दिला, ते ती वहीत लिहून ठेवायची; पंप आणि वही सदा तिच्या पिशवीत असत. तिने वही उघडली. सोमवारी पाच वाजता, मंगळवारी पावणेपाचला, काल पुन्हा पाचला.

"हरगुण, आग टिपणारा उपग्रह आपल्यावरून कधी जातो?"

"दोनच्या सुमाराला."

"म्हणजे तो गेला की कुणीतरी पेटवतंय. पण जळलेली जमीन कुठे लपवणार?"

हरगुणने दुसऱ्या उपग्रहाचं, जमिनीचे रंग दाखवणारं ताजं चित्र उघडलं. भट्टीमागे तीन काळे चौकोन होते. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. ती शेतं त्याच्या वडिलांची, म्हणजे जपलीनच्या थोरल्या काकांची, तायाजींची होती. तायाजी गावचे सरपंच. खुंट जाळायला बंदी होती, आणि गावात एकही आग नाही म्हणून शनिवारी त्यांचाच सत्कार व्हायचा होता.

चार वाजता दोघं भट्टीपाशी पोचली. धूर जमिनीलगत सरपटत होता. त्यात तोंडाला फडकं गुंडाळलेला एक माणूस उभा होता.

"त्याला पाय नाहीत," हरगुणने जपलीनचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात मागून खोकला ऐकू आला. अगम! झोपेतून उठून तो अनवाणीच त्यांच्या मागे आला होता. तो मटकन खाली बसला. त्याचे ओठ निळे पडू लागले.

जपलीन किंचाळली. तसं ते भूत धावत आलं, फडकं फेकून त्याने अगमला उचललं आणि कालव्याच्या रस्त्याकडे धूम ठोकली. ते तायाजी होते. मोकळ्या हवेत जपलीनने पिशवीतून काढून पंप दिला. एकदा, दोनदा. अगमचा श्वास पुन्हा सुरळीत झाला तेव्हा तायाजी धुळीतच बसले होते.

"गव्हाच्या पेरणीची वेळ टळत चालली होती गं," ते पुटपुटले. "वेळ बघून पेटवलं होतं मी. वरून दिसणार नव्हतं."

जपलीनने वही त्यांच्यापुढे धरली. "वरून नाही दिसलं, तायाजी. याच्या छातीला मात्र रोज कळत होतं."

तायाजींनी एकेक वेळ वाचली. मग ते उठले, शेतावर गेले आणि आग विझवू लागले. हरगुणही फावडं घेऊन त्यांच्या मागे धावला.

शनिवारी सत्काराची शाल त्यांनी घेतली नाही. भरल्या सभेत त्यांनी आपली चूक सांगितली आणि शाल जपलीन आणि हरगुण या दोघांच्या खांद्यांवर मिळून पांघरली. "आमच्यापेक्षा यांची नजर चांगली," ते म्हणाले. खुंटांतच गहू पेरणारं यंत्र दोन वर्षं त्यांच्या छपरात गंजत होतं. ते दुपारी बाहेर निघालं.

क्षितिज अजून मळकंच होतं. ठिपक्यांची गावं पुष्कळ होती. पण भट्टीमागे त्या संध्याकाळी धूर उठला नाही. जपलीन वही आणि पेन उघडून अगमजवळ बसली होती. पाच वाजून गेले, साडेपाचही. अगम हरगुणशी विटीवरून भांडत होता. तिने पेनाचं टोपण लावलं.