सुदामा अजून वाटेत आहे

या पेजवरच्या अर्ध्या गोष्टी मी हसत हसत वाचते. अमावस्या, पिंपळ, उलटे पाय! भुतांना दुसरा उद्योगच नाही जणू. माझ्या गोष्टीत यातलं काहीच नाही. पण ती शंभर टक्के खरी आहे.

मागच्या श्रावणातली एकादशी. रात्रसुद्धा नव्हती, उन्हं उतरत होती. तलासरीला हायवेच्या कडेला आमचं भजनाचं पत्र्याचं सभागृह आहे. तिथे झालं. माझ्यासमोर.

आधी रानशेतच्या बाबलबुवांचं सांगते. असा कीर्तनकार पुन्हा होणे नाही. हसवायचे, रडवायचे, आणि आरतीआधी कुणी उठला की भर कीर्तनात नाव घेऊन त्याला खाली बसवायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी याच सभागृहात सुदाम्याचं आख्यान लावलं. आयुष्यात पहिल्यांदाच. सुदामा द्वारकेच्या दाराशी पोचला...

आणि बुवा कोसळले.

गेलेच.

लावलेलं आख्यान अर्ध्यात सोडायचं नसतं हो. त्यांची मुलगी जमना तेव्हापासून झुरत होती. "काकू, बाबा त्या दारातच उभे आहेत," एवढंच म्हणायची.

सभागृहात एक जुना कॉम्प्युटर आहे. ज्या बायकांना यायला जमत नाही, त्यांच्यासाठी आम्ही त्यावर भजन रेकॉर्ड करतो आणि ग्रुपवर टाकतो. बुवा गेल्यावर पुन्हा भजन सुरू केलं, तेव्हा त्या रेकॉर्डिंगच्या अगदी शेवटी...

चिपळ्या.

आणि बुवांचा आवाज. "द्वारपाल विचारतो, कोण रे तू?"

पुढच्या एकादशीला, "देव अनवाणी धावले हो!" मग कधी पाय धुतले, कधी पोह्यांची पुरचुंडी ओढून घेतली. दर वेळी एखादंच वाक्य, पण पुढचं. जमना ते तुकडे मोबाईलमध्ये जपून ठेवायची. आम्हाला भीती कसली? आमचेच बुवा.

श्रावणापर्यंत सुदामा परतीला लागला होता. त्याचं घरी पोचणं तेवढं उरलं होतं.

आणि तेव्हाच आमचा विद्वान आला.

रूपेश, माझा भाचा. बंगळूरहून चिखल्याला आमच्याकडे राहायला आलेला. घरी बसून कंपनीचं काम करतो. लिनक्स म्हणून कॉम्प्युटरची एक प्रणाली आहे, जगभरची माणसं मिळून ती दुरुस्त करतात. हा त्यातले ड्रायव्हर नीट करतो.

"ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या, आत्या. तुमच्या बाजारात गुजराती शेठ आणि गावकरी यांच्या मध्ये एक जण उभा असतो ना, तसा. साउंड कार्ड काय म्हणतंय ते कॉम्प्युटरला सांगणारा."

समजावण्याचा सूर असा, की समोर सगळ्या म्हशी बसल्यात.

त्या एकादशीला तो माझ्याबरोबर आला. जमनाचे तुकडे ऐकले आणि फिस्सकन हसला.

"हे तुमचं भूत? बग आहे हा, प्रोग्राममधली चूक! आवाज ज्या मेमरीत जमा होतो, ती हा ड्रायव्हर पुसतच नाही. न विसळलेलं भांडं. तळाचं शिळं नव्यात उतरतंय. एका ओळीचं काम आहे."

"पण बाबांनी हे त्या दिवशी म्हटलंच नव्हतं," जमना म्हणाली.

"मग आधी कधीतरी म्हटलं असेल."

"सुदामा त्यांनी आधी कधी लावलाच नव्हता, दादा. पाया पडते, आजचा दिवस थांबा. शेवटचं तेवढं येऊ द्या."

"ताई, बग दिसला आणि ठेवला, तर लोक मला हसतील."

लोक हसतील! एका लेकीचे डोळे भरलेत आणि याला लोकांची काळजी. मीही सांगून पाहिलं. पण त्याची बोटं केव्हाच चालू लागली होती.

भजन झालं. रेकॉर्डिंग थांबवलं. सगळ्यांनी कान टवकारले...

काही नाही.

पडद्यावर आवाजाची रेघ अगदी सरळ.

"घ्या! मिळाला तुमच्या बुवांना मोक्ष," म्हणत त्याने टाळी वाजवली. जमनाने पदर तोंडात कोंबला. त्याने मशीन बंद केलं, वायरी काढल्या, बॅग खांद्याला लावली आणि उठला.

आरती व्हायची होती अजून.

आणि हायवेचा आवाज थांबला.

एकही ट्रक नाही. डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज नव्हता.

मग... चिपळ्या.

मशीनमधून नाही. समोरून. जिथे बुवा उभे राहायचे, त्या रिकाम्या जागेवरून.

"रूपेश... बस खाली."

बुवांनी याला जन्मात पाहिलं नव्हतं.

"उठतोस कुठे? सुदामा घरी पोचला नाही अजून."

तो मटकन बसला. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला आणि सगळे आवाज एकदम परत आले. आम्ही आरती उरकली.

परतताना त्याने डहाणूच्या अलीकडे मोटरसायकल थांबवली. मागे न वळताच म्हणाला,

"आत्या, मशीन बंद केलं की ती मेमरी आपोआप पुसली जाते. दर वेळी. शिळं उरणं शक्यच नव्हतं. मला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने गाडीला किक मारली.

पुढच्या एकादशीला त्याने स्वतः घातलेली ती ओळ काढून टाकली. जुना ड्रायव्हर जसाच्या तसा परत बसवला. शेवटी सरळ रेघच. तेव्हापासून दर एकादशीला खटपट करतो, आणि आरती होईपर्यंत मांडी मोडत नाही. जमना त्याच्याशी बोलत नाही.

एवढ्यावर थांबलं असतं, तर मी लिहिलंच नसतं.

पण हल्ली चिखल्याला, दिवेलागणीला, आमच्या चिकूच्या वाडीतून कुणीतरी चालत येतं. पाचोळा वाजतो... दमलेली, अनवाणी पावलं. थेट दाराशी येऊन थांबतात. रूपेश कानांवर हेडफोन चढवतो.

मी कडीला हात लावते आणि तशीच उभी राहते. सुदामा दाराशी आला, तर त्याला आत घ्यायचं असतं हे मला कीर्तनानेच शिकवलं.

पण बाहेर सुदामाच आहे, हे मला कोण सांगणार?