धुतलेलं फळ

पहिला क्रेट त्याने समोरच्या भिंतीवर आपटला, दुसरा जमिनीवर, आणि तिसरा उचलला तेव्हा त्याचं तोंड ताईकडे होतं.

कोल्ड रूमचं वीतभर जाडीचं दार सताड उघडं होतं. आतला गारवा पायांवर येत होता आणि त्याच्याबरोबर तो वास... कोंदट, आंबूस, गोडसर, जो या घरात गेल्या वीस वर्षांत कोणाच्या नाकाला लागला नव्हता. चाळीस क्रेट ब्लूबेरी, सहाच दिवसांपूर्वी तोडलेली. नीट राहिली असती तर तीन आठवडे ताजी दिसली असती. आज उघडावी त्या डबीत उंदराच्या पाठीसारखी करडी लव उगवली होती आणि दाणे एकमेकांना असे चिकटले होते की डबी पालथी केली तरी सुटत नव्हते.

“ही कोणी धुतली?” तिच्या धाकट्या भावाने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. त्याचा आवाज चढला नाही की ताईला जास्त भीती वाटे.

बुरशी कशाने आली हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. ब्लूबेरीच्या अंगावर पिठासारखी पांढरट भुकटी असते; झाडानेच फळाला दिलेली ती राखण. ती आहे तोवर फळ तग धरतं. ती गेली की दाणा काळाभोर चमकतो, आणि चमकला की चार दिवसांत संपतो. म्हणून या घरात फळ ऊन चढायच्या आत तोडायचं, उथळ डब्यांत भरायचं, फुटका दाणा दिसला की वेचून टाकायचा, तासाभरात सगळं थंडीत न्यायचं आणि त्याला पाणी म्हणून दाखवायचं नाही. धुवायचं ते खाणाऱ्याने, खायच्या आधी. हे ताईने धाकट्याला तो सात वर्षांचा असताना शिकवलं होतं आणि त्यानंतर कोणालाच शिकवलं नव्हतं. आगीत हात घालू नये, हे काय कोणी घरात आलेल्या सुनेला बसवून सांगतं?

तिथेच घात झाला होता.

ताईने मागे वळून पाहिलं. भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पाच महिन्यांची पोटुशी, दोन्ही हात पोटावर धरून. तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस नव्हता. ताईला सगळं त्या एका क्षणात उमगलं. मंगळवारी ती डोळे तपासायला दिवसभर बाहेर गेली होती आणि कोल्ड रूमची किल्ली भावजयीकडे देऊन गेली होती. ही परिचारिकेची मुलगी. हिच्या माहेरी भाजी तर सोडाच, चपलासुद्धा धुऊन घरात घेत. ती पांढरी भुकटी म्हणजे फवारणीचं औषध, कोणाच्या तरी लेकराच्या पोटात जाईल, असं तिला वाटलं असणार... आणि बिचारीने अवघडलेल्या अंगाने चाळीसच्या चाळीस क्रेट पाण्यातून काढले असणार, ताई आल्या की शाबासकी देतील म्हणून.

“मालक,” बाहेरून गाडीवाल्याने हाक मारली, “फळ येतंय, की त्या थंड गाडीत मीच बसून टिकून राहू?”

कोणी हसलं नाही. शहरातल्या मोठ्या दुकानाने पहिल्यांदाच त्यांचं फळ मागवलं होतं आणि ही पहिलीच खेप होती.

“शेवटचं विचारतोय. कोणी धुतली?”

“मी,” ताई म्हणाली.

“तू? दव वाळायच्या आत मी एक टोपली तोडली, तर तू दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. तू धुशील?”

“धूळ फार बसली होती. वाटलं, एकदा पाण्यातून काढावी.”

“चाळीस क्रेट?”

“चाळीस.”

तिसरा क्रेट तिच्या खांद्यावर बसला. मग थप्पड, मग उलट्या हाताची दुसरी. ताईने डोळे मिटले नाहीत; हा हात तिच्या ओळखीचा होता. आई गेली तेव्हा ती सतरा वर्षांची होती, आणि बापाचा पट्टा निघाला की धाकट्याला पलंगाखाली सारून ती पलंगासमोर उभी राहत असे. एखाद्या माणसात ठरावीकच राग असतो, तो आपल्या पाठीवर संपला की मागच्याला झळ लागत नाही, असा तिचा तेव्हापासूनचा हिशेब. त्या हिशेबावर तिने दोन स्थळं परत पाठवली होती, या पोराला वाढवलं होतं, आणि आजही ती त्याच हिशेबाने उभी होती. फक्त पलंगाखाली आज दुसरं कोणी होतं आणि पट्टा धाकट्याच्याच हातात होता.

भावजयीचे ओठ हलले. ताईने तिच्याकडे पाहून हलकेच मान हलवली... नको.

“निघ इथून,” तो म्हणाला. “पुन्हा तुझी सावली या दारात दिसता कामा नये.”

तोल सावरायला तिने उजवा हात दाराच्या चौकटीवर ठेवला होता. त्याने दार ढकललं. सगळ्या अंगाच्या जोराने ढकललं. ते अवजड दार नेहमीसारखं रबराच्या पट्टीवर मऊ येऊन बसलं. फक्त पूर्ण बसलं नाही.

त्याने बोटं पाहिली होती की नाही, हे ताईने पुढे स्वतःला कितीदा तरी विचारलं, आणि दर वेळी उत्तर यायच्या आत दुसरं काहीतरी काम काढलं.

*

गाडीवाल्यानेच तिला दवाखान्यात नेलं. दोन बोटं काढावी लागली, तर्जनी आणि मधलं. डॉक्टरांना तिने सांगितलं, वाऱ्याने दार लागलं. गाडीवाला बाजूलाच होता, तो म्हणाला, “हो ना, तुमच्याकडे वारा फार वाईट आहे.”

त्यानेच तिला फळं निवडण्याच्या शेडमध्ये काम मिळवून दिलं, मागची खोलीही दिली. लांबलचक टेबलावरून फळ सरकत येई आणि बायका त्यातला मऊ दाणा बाजूला काढत. हे काम डोळ्यांचं नव्हे, बोटांचं. आणि तिची तीच दोन बोटं गेली होती. पहिले पंधरा दिवस तिच्या हातून नासका दाणा सुटे आणि मुकादम बाई म्हणे, “अहो, तुम्ही तर यातल्या मास्तरीण म्हणे!” ताई ऐकून घेई आणि डावा हात शिकवत राही. संध्याकाळी खोलीत नसलेली बोटं ठणकत. तेव्हा ती मनाशी म्हणे, चालेल... माझ्यावर भागलं ना, मग चालेल. तिकडे ती पोर सुखात आहे, पोटातलं सुखरूप आहे.

सात आठवड्यांनी, भर दुपारी, भावजय शेडच्या दारात येऊन उभी राहिली. धापा टाकत होती. तिचा खालचा ओठ फाटून त्यावर खपली धरली होती आणि एक डोळा सुजून अर्धा मिटला होता.

ताईच्या हातातला दाणा गळून पडला.

“काय झालं?”

“पडले.”

“कुठे?”

“तुम्ही जिथे पडलात ना ताई, तिथेच.”

शेडमधल्या बायकांनी माना खाली घातल्या. ताईने तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. पेल्याचा काठ ओठाला लागला तशी ती कळवळली.

“कधीपासून?”

“तुम्ही गेलात त्याच आठवड्यापासून. आधी कपबशा, मग खुर्च्या, मग मी.” तिने उलट्या हातानेच डोळे पुसले. “तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. मी गप्प बसले, वाटलं तुमचं बलिदान वाया जाऊ नये. पण राग संपतो कुठे, ताई? त्यांना तर वाटायला लागलं, सख्ख्या बहिणीची बोटं तोडली तरी आभाळ कोसळत नाही.”

चोवीस वर्षांचा तिचा हिशेब या पोरीने दोन वाक्यांत खोटा पाडला होता.

“आज सकाळी मी सांगून टाकलं,” भावजय म्हणाली. “म्हटलं, फळ मी धुतलं होतं. मारायचं तर खऱ्या कारणाने तरी मारा. ते काहीच बोलले नाहीत. कोल्ड रूमकडे गेले. मग तो दाराचा आवाज... एकदा, दोनदा, तीनदा. मी बघायला थांबले नाही. मला तुमच्याशिवाय कोणाकडे जायचं सुचलं नाही.”

गाडीवाल्याने लगेच गाडी काढली.

*

तो कोल्ड रूमच्या उघड्या दाराशी जमिनीवर बसला होता. उजवा हात मांडीवर होता, पण तो हात म्हणून ओळखू येत नव्हता. मनगटापासून खाली सगळं निळंजांभळं, फुगलेलं, दोन ठिकाणी फाटलेलं. चौकटीवर रक्त होतं, फरशीवर रक्त होतं. ताईला पाहून त्याने तो हात उचलून पुढे केला.

“बघ,” तो म्हणाला. “आता फिटलं ना?”

भावजय दाराबाहेरच थांबली. ताई आत आली. तिला एकदम भरून आलं... हे बोट धरून चालायला शिकलेलं पोर, ज्याला ताप आला की ती रात्र रात्र मांडीवर घेऊन बसे. तिचे पाय आपसूक पुढे निघाले होते. आणि तेवढ्यात तिला बाप आठवला. तोही मारून झालं की असाच बसे, असाच रडे, भिंतीवर डोकं आपटून घेई. आणि मग तीच, पाठीवरचे वळ ओले असताना, त्याच्या कपाळाला पट्टी बांधायची.

ती दोन पावलांवर थांबली.

“नाही फिटलं,” ती म्हणाली. “तुझा हात मोडून माझी बोटं उगवणार नाहीत आणि तिचा ओठ सांधणार नाही. एवढंच झालं, की या घरात अजून एक माणूस चेचला गेला.”

“ताई, मला माहीत नव्हतं. तू का नाही सांगितलंस? मला खरं कळलं असतं तर...”

“तर तिला मारलं असतंस.”

तो रडू लागला, लहानपणी पलंगाखाली रडायचा तसा, आवाज न करता.

“मी बाबांसारखा झालो, ताई.”

“हो,” ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाज हलला नाही.

“मला माफ करशील?”

“तुला मी दार पुरतं लागायच्या आतच माफ केलं होतं, राजा. नेहमीच करत आले... तिथेच माझं चुकलं.” तिने खुंटीवरचा टॉवेल काढून त्याच्या अंगावर टाकला. “हात गुंडाळून घे. गाडी बाहेर आहे, दवाखान्यात जा. तिथे वाऱ्याने दार लागलं म्हणून सांगू नकोस, काय झालं ते सांग. माझ्या बोटांचंही सांग. तिथून परत इथे यायचं नाही. शेडमागची माझी खोली आहे, तिथे राहा. मी इथे हिच्याजवळ राहीन. बाळ होईल, ती उठून हिंडूफिरू लागेल, आणि मग तिला वाटलं तर ती बोलावील. नाही वाटलं, तर नाही.”

त्याने दाराकडे पाहिलं. भावजयीने नजर वळवली नाही.

“आणि तू?” त्याने ताईला विचारलं. “तू येशील मला भेटायला?”

“येईन. रविवारी.”

त्याने दातांत टॉवेलचं टोक धरून हात कसाबसा गुंडाळला आणि तो भिंतीला धरून उठला. निघताना त्याची नजर फरशीवर गेली. तो थांबला. मग कोपऱ्यातली बादली आणि फडकं घेऊन तो गुडघ्यांवर बसला आणि डाव्या हाताने रक्त पुसू लागला. त्याला ते जमत नव्हतं. फडकं पिळता येईना, पाणी भलतीकडेच पसरत होतं, रक्त पुसलं जाण्याऐवजी सगळीकडे माखत होतं. ताईचा डावा हात दोनदा पुढे झाला; दोन्ही वेळा तिने तो मागे घेऊन घट्ट मुठीत आवळला.

गाडीवाल्याने बाहेरून एकदा डोकावून पाहिलं आणि तो परत गेला.

बऱ्याच वेळाने धाकट्याने वर पाहिलं. तोंड घामाने आणि अश्रूंनी थबथबलं होतं.

“झालं,” तो म्हणाला.

ताई वाकली, फरशी नीट न्याहाळली.

“चौकटीपाशी राहिलंय,” ती म्हणाली.