तापवून ठेवलेली आरडी

सदर बाजारात माझ्या स्कूटीपुढे एक मोटरसायकल बंद पडली. मागे अख्खा बाजार हॉर्न वाजवत होता आणि पुढे तो गाडीवाला किकवर किक मारत होता.

"काहून रस्ता अडवून राहिला बाप्पा..." मी तोंडातल्या तोंडात पुटपुटले. रायपुरात मराठीत असं बिनधास्त बोलून घेता येतं. कुणाला कळत नाही.

त्यानं मान वळवली. "मी नाही अडवून राहिलो. ही अडवून राहिली."

लाजेनं मेले मी! पण मग 'ही'कडे नजर गेली, आणि त्याच्याकडे बघायचं राहूनच गेलं. लाल टाकी, दोन्ही बाजूंना सायलेंसर – साडेतीनशे सीसीची जुनी आरडी. माझ्या जन्माच्याही आधीची. वर्षभर मी अशीच गाडी शोधत होते. टाकीवर कागद चिकटवलेला होता, 'बेचना है'.

"विकून राहिले का?"

"हव. पण आत्ता भाव नोका विचारू. आत्ता फुकटात देऊन टाकीन."

तो हसला, तेव्हा कुठे मी त्याच्याकडे नीट पाहिलं. गालावर काजळीचा डाग होता, आणि हसणं... असो. मी गाडीबद्दल सांगत होते.

नाव यशदीप रामटेके, घर बूढापाऱ्यात, नोकरी सिलतऱ्याच्या एका कारखान्यात. मी त्याचा नंबर घेतला आणि टिकरापाऱ्यातला आमचा पत्ता दिला, तो अर्थातच गाडीसाठी. चेनचा फोटो मागितला, तर चेनसोबत त्याचा चप्पल घातलेला पायही आला. तो फोटो मी जरा जास्तच वेळ पाहिला.

"टाकीला पुट्टी लावून पोचे लपवले तर नाही न?" मी लिहिलं.

"चुंबक घेऊन या, रुचिता. चिकटलं त पत्रा खरा."

"अन् नाही चिकटलं तर?"

बराच वेळ तो काहीतरी लिहीत राहिला, खोडत राहिला. मग उत्तर आलं, "तर नुसता चाय पिऊन जा."

माझे बाबा रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून रिटायर झालेले. मी गाडी बघायला निघाले, तेव्हा त्यांनी बजावलं, "जुनी गाडी थंडी असतानीच पाहाची. विकणाऱ्यानं आधीच तापवून ठेवली असन, त समजून जाय, काही तरी लपवून राहिला."

रविवारी सकाळी मी गेले. जानेवारीची थंडी, बूढातलावावर अजून धुकं होतं. गल्लीत त्यानं गाडी पुसून उभी केली होती. स्वतःही इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. मी टाकीला चुंबक लावलं. टक्कन चिकटलं.

"चाय गेला तुमचा," मी म्हणाले.

"दोन्ही होऊ शकते न," तो हळूच म्हणाला.

मागे वाकून मी दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते पाहिलं. त्यानं हँडल धरलं, मी फोर्क दाबून पाहिला. बोटं लागता लागता राहिली... कशाला खोटं बोलू, मी पुन्हा दाबून पाहिला. मग इंजिनावर तळहात ठेवला.

गरम होतं.

"सकाळी कुठं गेले होते का?"

"नाही..."

"मंग तापवली काहून?"

त्याचे कान लाल झाले. पुसलेलीच टाकी तो पुन्हा पुसू लागला. मी वाट पाहिली, फार नाही पण पाहिली. मग चुंबक पर्समध्ये टाकलं आणि निघाले.

"सुटली तू," घरी सगळं ऐकून बाबा म्हणाले. मीही तेच घोकत बसले, सुटले, सुटले. पण गाडी मला हवी होती, खूप हवी होती. त्याहून जास्त हवं होतं ते हे, की हा माणूस लबाड निघू नये.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टिकरापाऱ्यातल्या आमच्या फाटकाशी कुणीतरी धापा टाकत होतं. भर थंडीत यशदीप घामानं निथळत होता आणि हातात ती लाल आरडी, बंद.

"जय भीम, काका," तो आधी बाबांना म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "ढकलत आणली. चालवत आणली असती, त पुन्हा म्हटलं असतं गरम आहे. हात लावून पाहा."

मी हात लावला. माठासारखं गार इंजिन.

"चोक अटकते हिचा. थंडीत लवकर सुरू नाही होत, गरम असली की काही त्रास नाही. तेवढीच खोट आहे. रातभर इथंच राहू द्या, सकाळी स्वतः किक मारून पाहा."

"हे काल काहून नाही सांगितलं?"

त्यानं बाबांकडे पाहिलं, मग खाली. "त्या दिवशी घरून थंडीच काढली, त सदर बाजारात फजिती झाली होती तुमच्यासमोर. पुन्हा नव्हती पाहिजे. म्हणून पहाटेपासून तापवून ठेवली... तुम्ही आल्या की एका किकमध्ये चालू करून दाखवाची होती. रुबाब माराचा होता, अजून काही नाही."

मी पायरीवर बसलेच. हसू येत होतं, डोळ्यांत पाणीही, आणि छातीवरचा धोंडा कुठल्या कुठे गेला होता. बाबांनी वाकून चोक हलवून पाहिला.

"चोकच आहे," ते म्हणाले. "पोट्टा खरं बोलते. मी चाय मांडतो." आणि आत गेले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

"एवढी जीव लावलेली गाडी," मी विचारलं, "विकता काहून?"

"आई म्हणते, हिचा धूर पाहून पोरीवाले गल्लीतूनच वापस जातात. गाडी गेली की जमन."

"मंग... जमलं कुठं?" आवाज अगदी साधा ठेवला मी, निदान तसा प्रयत्न तरी केला.

"नाही. अन् आता विकाचं मनच नाही होऊन राहिलं."

"काहून?"

"तुम्ही घेऊन जासान. मंग मी कोणत्या निमित्तानं बोलू तुमच्याशी?"

रस्त्यावरून दोन स्कूटर गेल्या.

"नको विकू," मी म्हणाले. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही. "आईले सांग, एक पोट्टी धूर पाहूनच आली."

"माझ्यानं नाही सांगणं होणार," तो म्हणाला. "तूच चाल न."

"येते. गाडी मी चालवीन," मी हात पुढे केला, "किल्ली दे, अन् किक तू मार."