एक पायरी वर

निंबळवाडीला जायचं म्हटलं की चैतालीला आधी रस्ताच आठवायचा. रत्नागिरीहून सोलापूर, सोलापूरहून लोहारा, आणि लोहाऱ्यातून पुढं जीप, तीही भरल्याशिवाय न हलणारी. पोचेपर्यंत माणसाचा पार भुगा व्हायचा. तरी ती जायची, कारण तिची थोरली बहीण दीपाली तिथं दिली होती, आणि दीपाली दिवसेंदिवस वाळत चालली होती.

आजार म्हणावा तर आजार नव्हता. बसल्या जागी डोळा लागायचा, भाकरी थापताना हात थांबायचा, केस मूठमूठ गळायचे. दोनदा दिवस गेले, दोनदा टिकले नाहीत. डॉक्टरांनी रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, मग तेही कंटाळले. सासू मथुराबाई म्हणायच्या, हिचं एकटीचं काय घेऊन बसलीस, वस्तीतल्या सगळ्याच बायांची ही गत हाय. ते खरंच होतं. दुपारी बौद्ध वस्तीत शिरलं की दारोदार बाया भिंतीला टेकून बसलेल्या दिसायच्या. नळावर साधं भांडण व्हायचं नाही. ज्या वस्तीत नळावर भांडण नाही, ती वस्ती धडधाकट कशी म्हणायची? गडी माणसं मात्र ठणठणीत होती.

सगळ्यांचा संशय माळावरच्या मळीच्या कारखान्यावर. त्याचं काळं पाणी झिरपून वस्तीचा आड नासला, तेव्हापासून आडाचं पाणी कुणी तोंडात घेत नव्हतं, नळाचंच प्यायचे. आणि चैतालीचं तर कामच हे होतं. रत्नागिरीला समुद्रकाठच्या एका प्रयोगशाळेत ती पाण्यातली घाण कुठून आली ते शोधायची. कारखान्यातून आलेला नायट्रोजन, खतातला, शेणातला, प्रत्येकाची ठेवण निराळी असते; यंत्रात घातला की तो आपला गाव सांगतो. पुरावा मिळाला तर कारखान्यावर तक्रार करता येईल आणि ताई वाचेल, एवढाच तिचा हिशेब होता.

पहिल्या खेपेला तिनं नळाचं पाणी घेतलं, आडाचं घेतलं, आडाच्या तळाचा गाळ घेतला. अंगात काय मुरलंय ते कळावं म्हणून बायांचे केसही मागितले. तिथं गाडी अडली. केस म्हटल्यावर बाया मथुराबाईंच्या तोंडाकडं बघायला लागल्या. मग कळलं की या वस्तीत विंचरून निघालेलं गुंतवळ कुणी उकिरड्यावर टाकत नाही, ते आडात सोडतात. आजेसासवांपासूनची रीत. धर्म बदलल्यावर बाकीचं सगळं बुडवलं, मग हे का ठेवलं, असं चैतालीनं विचारलं.

"आमी देव सोडले," मथुराबाई म्हणाल्या, "पर आड काय देव न्हाय. गावानं पाण्याला शिवू दिलं न्हाय, तवा आमच्या मान्सांनी हातानं खांदला. घरचं मानूस हाय ते."

तिनं प्रत्येकीच्या मानेजवळचे चार-चार केस कापून घेतले आणि परत गेली.

आकडे आले तेव्हा नळाचं पाणी स्वच्छ निघालं. आडाच्या पाण्यात कारखाना सापडला, अगदी हवा तसा. चैताली खूश झाली असती, पण गाळाच्या आकड्यानं तिला अडवलं.

त्याचं असं असतं. काही नायट्रोजन हलका असतो, काही किंचित जड. शरीर हलका बाहेर टाकतं आणि जड जरा जास्त धरून ठेवतं. म्हणून खाणारा नेहमी खाल्लेल्याच्या एक पायरी वर असतो. गवताच्या वर शेळी, शेळीच्या वर लांडगा. अंगावर पिणारं तान्हं पोरसुद्धा आईच्या एक पायरी वर निघतं, कारण ते आईलाच खात असतं. वस्तीतल्या बायांचे केस माणसाच्या पायरीवर होते, तिथंच असायला हवे होते. आडातला गाळ त्यांच्या बरोबर एक पायरी वर होता.

कुजलेल्या केसांमुळं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. कुजताना आकडा वर सरकतोही. पण असा नेमका पायरीवर येऊन थांबत नाही. प्रयोगशाळेतल्या साहेबांना दाखवलं तर ते म्हणाले, नमुना बिघडला असेल, पुन्हा आण. पुन्हा आण! यांना काय जातंय.

दुसऱ्या खेपेला ती दोन दिवस राहिली. दीपालीचे केस दर महिन्याला तपासायचे होते, म्हणून तिनं बहिणीला बजावून सांगितलं, तुझं गुंतवळ आडात टाकू नको, डबीत साठव, मला नमुना लागतो. मथुराबाईंना ते रुचलं नाही, पण सुनेच्या औषधपाण्याचं काम म्हणून त्या गप्प बसल्या. निघायच्या दिवशी चैतालीनं अंगणात घाईघाईनं वेणी घातली. जीपवाला हॉर्न वाजवत होता. पिशव्या, बाटल्या, गाळाचे डबे सगळं आठवणीनं घेतलं आणि कंगवा तेवढा खिडकीत राहिला.

तो गाळही पुन्हा बायांच्या एक पायरी वरच निघाला. आणि परतल्यापासून तिला थकवा यायला लागला. आधी वाटलं प्रवासाचा असेल, मग वाटलं हवेचा. खानावळीत जेवताना माशाचा काटा काढायचासुद्धा कंटाळा यायचा. प्रयोगशाळेच्या जिन्यात ती मध्येच टेकायला लागली. सुट्टी घेऊन झोपली तर उठताना आणखी दमलेली असायची. निंबळवाडीची तिसरी खेप तिच्यानं झालीच नाही. मग दाजींनी, म्हणजे दीपालीच्या नवऱ्यानं, सुगतनं, आडातला गाळ काढून पार्सलनं पाठवला. सोबत दीपालीच्या केसांची डबी होती. डबीत केस फारसे नव्हतेच. गळायचे थांबलेत, असं दाजींनी फोनवर आनंदानं सांगितलं.

गाळ यंत्रात गेला. या वेळी तिनं गंधकही तपासायला लावला होता, कारखान्याचा पुरावा पक्का व्हावा म्हणून.

गंधक समुद्राचा निघाला.

तिनं पुन्हा लावला. पुन्हा तोच. समुद्राचं अन्न खाणाऱ्याच्या अंगात गंधक अशा जडपणाचा असतो. निंबळवाडीत लोक ज्वारी खातात, तूर खातात, सणावाराला मटण खातात. समुद्राचा मासा तिथं कुणी आयुष्यात चाखलेला नाही.

यंत्र नीट चालतंय का हे बघायला ती रोज सकाळी त्यात स्वतःचाच एक केस लावायची. स्वतःचा आकडा तिला तोंडपाठ होता. तिनं या गाळाचा नायट्रोजनचा आकडा त्याच्या शेजारी ठेवला.

बरोबर एक पायरी वर.

ती बराच वेळ खुर्चीतून उठली नाही. भीती वाटत होती, पण घाबरायलाही अंगात बळ लागतं. शेवटी तिनं दीपालीला फोन लावला.

दीपालीचा आवाज किती दिवसांनी असा खणखणीत लागला. तिला तिसरा महिना चालू होता. या वेळी डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे. भूक लागते, झोप लागते, काल तर नळावर शेजारणीशी कडाक्याचं भांडण झालं, असं ती हसत सांगत होती. वस्तीतल्या बाकीच्या बायाही हिंडूफिरू लागल्या होत्या. सगळ्या म्हणत होत्या, चैतालीचा पायगुण.

चैतालीनं कंगव्याचं विचारलं.

"हाय की, खिडकीतच हाय," दीपाली म्हणाली. "आत्याबाई रोज सकाळी त्यातलं गुंतवळ काढून आडात सोडतात. म्हणतात, चैतालीबी आता घरचीच."

"रोज? ताई, मला येऊन दोन महिने झाले. त्या कंगव्यानं विंचरतं कोण?"

"कोनी न्हाय गं," दीपाली म्हणाली. "आमालाबी नवल वाटतंय. पर निघतं खरं रोज. टाकून देऊ का तो कंगवा?"

चैतालीच्या तोंडात 'जाळून टाक' आलं होतं. मग तिला ती दारोदार भिंतीला टेकलेली वस्ती आठवली. घरच्या माणसाला कुणीतरी जेवायला घालायलाच लागतं. तिनं यातलं काही मानलं नव्हतं, आत्ताही मानत नव्हती. पण ताईला तिसरा महिना होता.

"असू दे," ती म्हणाली. "तिथंच असू दे."

"बरं. जप गं, तुजा आवाज लई दमल्यावानी येतोय. आन हसू नको, आज गुंतवळात एक पांढरा निघाला. म्हातारी झालीस की."

फोन ठेवून चैताली भिंतीला धरत आरशापाशी गेली. सकाळीच तिला भांगापाशी आयुष्यातला पहिला पांढरा केस दिसला होता. उपटायचा कंटाळा आला म्हणून तो तिनं तसाच राहू दिला होता.

तिनं भांगाच्या दोन्ही बाजू चाचपून पाहिल्या. तो तिथं नव्हता.