नव्या रिंगा

"पोरगी रांगायला लागेपर्यंत त्या इंजिनाला हात लावू नका," असं सासूबाई म्हणाल्या होत्या. का, म्हणून विचारलं तर निवडत असलेल्या भाजीतून त्यांनी मान वर केली नाही. मीही मनावर घेतलं नाही. उघडी कात्री चालत नाही, रिकामा पाळणा हलवायचा नाही. त्यात आता इंजिनाची भर, एवढंच मला वाटलं. शिवाय मला धूर दिसत होता.

गाडी सासऱ्यांची. छोटी, दोन दारांची, गोल दिव्यांची. ते गेल्यावर नवऱ्याने ती घराला लागून असलेल्या शेडमध्ये जपून ठेवली होती. सुट्टीच्या दिवशी तो ती चालू करायचा आणि निळसर धूर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत यायचा. त्याच खिडकीशी पाळणा होता. मुलगी दिवस भरायच्या आधी जन्मलेली, छातीत सतत घुरघुर. मी रसायनशास्त्र शिकले आहे. जळक्या ऑइलच्या धुरात काय असतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. गाडी तरी विका, नाहीतर धूर तरी थांबवा, असं मीच म्हणाले.

पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या. त्यामुळे ऑइल वर चढून जळत होतं. पाळण्यातल्या बाईसाहेबांची पहिली सहल बिनधुराची झाली पाहिजे, असं म्हणत नवऱ्याने इंजिन उघडलं. हेड उतरवलं, खालून ऑइलची टाकी सोडवली आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने एकेक पिस्टन वर ढकलून काढला. जुन्या चादरीवर चारही पिस्टन ओळीने मांडले. मी रॉकेलचा बोळा फिरवत होते आणि दर थोड्या वेळाने आत जाऊन पाळण्यात डोकावत होते. नवरा म्हणाला, "तू तिचे श्वास मोज, मी रिंगा मोजतो. लोकांच्या घरात एकच वेडा असतो, आपल्याकडे जोडी आहे."

रिंगा बिडाच्या, ठिसूळ. दोन्ही अंगठ्यांनी हलकेच फाकवून काढाव्या लागतात. तिसऱ्या पिस्टनची वरची रिंग बांगडीसारखी कटकन फुटली. आतून दचकल्यासारखा आवाज आला. मी धावले. मुलगी गाढ झोपली होती.

नव्या रिंगा चढवताना त्यांच्या फटी एका रेषेत येऊ द्यायच्या नसतात, नाहीतर दाब निसटतो. नवऱ्याने त्या फिरवून, पट्ट्याने आवळून, ऑइल लावून पिस्टन आत बसवले. दुपार कलली तेव्हा इंजिन पुन्हा बांधून झालं होतं. प्लग लावण्याआधी त्याने मला चारही सिलिंडरच्या प्लगच्या भोकांवर एकेक करून अंगठा ठेवायला सांगितला. तो पुढून हँडल फिरवणार. दाब चांगला असेल तर हवा अंगठा उडवते.

पहिल्याने उडवला. दुसऱ्यानेही.

तिसऱ्याने धरला.

मऊ, कोमट, दात नसलेल्या हिरड्यांसारखी पकड. मी हात ओढून घेतला. नवरा म्हणाला, हवा आत घेतानाचा फेरा असेल, ओढणारच. मग बाकीच्यांनी का ओढला नाही, हे मी विचारलं नाही. अंगठा ओला होता. हुंगून पाहिला. ऑइलचा वास नव्हता. रोज तिचं तोंड पुसताना येतो तो वास होता.

गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. आवाज शिलाई मशीनसारखा एकसारखा, आणि धूर औषधालासुद्धा नाही. नवरा लहान मुलासारखा हसला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या हसल्या नाहीत.

मी आत आले. पाळण्यावर वाकले. घुरघुर नव्हती. जन्मल्यापासून पहिल्यांदाच तिचा श्वास असा स्वच्छ चालला होता, गालांवर रंग होता. मी खिडकीतून नवऱ्याला हाक मारली, ये, बघ.

यायचं म्हणून त्याने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

तिची छाती वर आली नाही.

मी तिला उचललं, हलवलं, पाठीवर थोपटलं. काही नाही. माझ्या मागे सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "त्याला सांग, गाडी चालू कर."

इंजिन चालू झालं. तिने श्वास घेतला.

नवऱ्याला पटेना. योगायोग आहे म्हणाला. मी नको म्हणेपर्यंत त्याने किल्ली पुन्हा फिरवली होती. खिडकीतून त्याला माझा चेहरा दिसला आणि त्याने ती लगेच उलटी फिरवली. तिसऱ्यांदा आम्ही पाहिलं नाही.

डॉक्टरांकडे नेलं तेव्हा घरी गाडी चालूच होती. त्यांनी छाती तपासली, छान आहे म्हणाले. आईनेच आता जरा झोप काढावी, असंही म्हणाले.

शेडचं दार आम्ही काढून टाकलं आहे. सायलेन्सरला लांब नळी जोडून ती कुंपणाबाहेर सोडली आहे. चालत्या गाडीत पेट्रोल ओतताना नवऱ्याकडून थोडं सांडतंच. सासूबाई मात्र नरसाळं लावून थेंबही न सांडता ओततात. त्यांनी आपली खुर्ची शेडमध्येच हलवली आहे. इतक्या सराईतपणे कसं जमतं, असं मी विचारलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो चाकाशी बसून डुलक्या घेत होता.

"याच्या वेळी गाडी नवी होती, हा रांगेपर्यंत टिकली," त्या म्हणाल्या.

मुलगी अजून पालथीही पडत नाही.

आज सकाळी नळीच्या तोंडाशी निळसर धुराची एक रेघ दिसली. आत आले तर बारीक घुरघुर ऐकू आली. नव्या रिंगा मिळतील. घालायच्या तर इंजिन थांबवावं लागेल.

तुमचं या बाजूने येणं झालं तर आमच्या कुंपणाशी क्षणभर थांबा. इंजिनाचा आवाज येत असेल तर पुढे जा. येत नसेल तर आम्ही शेडमध्ये रिंगा बदलत असू; बेल वाजवू नका, हाक मारू नका. दार उघडंच असतं. पाळणा स्वयंपाकघराच्या खिडकीशी आहे. तेवढं तिला बघा.